रसवंतीवर बॉनेट उघडायला लावलं आणि ६,८०० रुपयाची बॅटरी गळ्यात मारली, सांभाळून राहा

राजेहो, आधी आकडा सांगतो. ६,८०० रुपये. वॅगन आर पेट्रोलची ३५ एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती करंट मावते त्याचं माप) बॅटरी, जी तेव्हा यवतमाळला दुकानात जुनी देऊन ४,२५० ला भेटत होती, ती मी ६,८०० ला घेतली, जुनी पण देऊन बसलो, आणि ती नवी नव्हतीच. २६ दिवस चालली. गावात घरच्यांशिवाय कोणाले सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती, पण मागच्या आठवड्यात आमच्याच गावच्या एका मास्तरले नागपूरहून येतानाच्या त्याच रोडवर त्याच पद्धतीनं ७,२०० ला धुतलं, म्हणून लिहून राहिलो.

१४ मे २०२५, बुधवार. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला झालेलं, तपासणी करून परत येत होतो. दुपारचे अडीच, ऊन म्हणजे तुम्हाले सांगायची गरज नाही, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन. आई ७१ वर्षाची, शुगर आहे, डोळ्यावर हिरवी पट्टी. बुटीबोरी सोडून बरंच पुढं आल्यावर ती म्हणाली घसा कोरडा पडला, म्हणून रसवंती दिसली तिथं थांबलो. गाडी चालू होती, एसी चालू होता, काहीच तक्रार नव्हती, हे लक्षात ठेवा.

दोन पोट्टे बाजूच्या बाजेवर बसले होते. त्यातला एक गाडीकडं बोट दाखवून म्हणे, "काका, रेडिएटरमधून पाणी गळून राहिलं ना, पहा खाली. इंजिन सीज होईन." मी वाकून पाह्यलं तर खरंच थेंब पडत होते. एसीचं पाणी होतं ते! एसी चालू असला की प्रत्येक गाडीखाली पडतं, मले माहीत आहे, रोज पाहतो, पण त्या वेळेस "इंजिन सीज" ऐकलं आणि डोकं बंद झालं. बॉनेट उघडलं. एकजण बाटलीनं पाणी टाकतो म्हणून मले तिकडं टाकी दाखवत होता, दुसरा हातात फडकं घेऊन इकडच्या बाजूला "गरम आहे काका, हात नका लावू" करत होता. इकडच्या बाजूला म्हणजे बॅटरीच्या बाजूला.

दोन मिनिटानं सेल्फ मारला तर नुसतं टक्क. डॅशबोर्डचे लाईट मंद होऊन गेले.

त्या फडकंवाल्यानं कुठून तरी मीटर आणलं. चावी ऑन करायला लावली, मीटर लावलं, ७.८ व्होल्ट दाखवलं. "काका, सेल शॉर्ट झाला, उन्हानं होते." आता मले समजते की त्यानं मीटरच्या पिना वायरच्या क्लॅम्पवर लावल्या होत्या, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर नाही. क्लॅम्प ढिला करून ठेवला असला तर त्याच्यावर कमीच व्होल्ट दाखवणार, बॅटरी धडधाकट असली तरी. मीटर नेहमी खुंटीवर लावायला लावा, चार्ज बॅटरी बंद गाडीत १२.५-१२.६ दाखवते, गाडी चालू असली की १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. हे पाठ करून ठेवा, बायकोपोरांनाही सांगा.

मी अडाणी नाही. ट्रॅक्टरची बॅटरी वर्षानुवर्षे मीच पाहतो, डिस्टिल वॉटर मी टाकतो, खुंटीवर पांढरी बुरशी आली की गरम पाण्यात खायचा सोडा टाकून मीच धुतो. १० नंबरचा पाना डिक्कीत होता. पाना काढून दोन आटे आवळले असते तर गाडी सुरू होती. पण आई मागच्या सीटवर पट्टी बांधून बसलेली, घामानं पदर ओला, "बाबू, घरी कधी पोचू" म्हणून दोनदा विचारून झालं होतं. अशा वेळेस माणूस बॅटरी पाहते का आईकडं पाहते? ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी म्हणावं.

आता ती गोष्ट सांगतो जी मले रात्री झोपू देत नाही.

पोट्ट्यानं फोन लावला. मी बाजूलाच उभा होतो, शब्द न शब्द ऐकला. "भाऊ, एक पार्टी आहे, रसवंतीवर, नवीन घेऊन ये." फोन ठेवला. बस. गाडी कोणती, पेट्रोल का डिझेल, किती एएच, प्लस उजव्या हाताला का डाव्या, काहीच नाही. आणि आठ-दहा मिनिटात एक जण मोटरसायकलवर मागं बॅटरी बांधून आला, तीच साईज, प्लस बरोबर त्याच बाजूला. न विचारता! बॅटरी काही बिस्कीटचा पुडा नाही. बोलेरोची माझ्या गाडीत बसत नाही, माझी बोलेरोले ओढत नाही, खुंटी उलट्या बाजूला असली तर वायर पोचत नाही. दुकानदार पहिला प्रश्न हाच करते की गाडी कोणती. तो प्रश्न कोणीच केला नाही आणि माझ्याही डोक्यात आला नाही. त्यांनी गाडी आधीच पाहून ठेवली होती, मी उसाचा रस घेत होतो तेव्हाच.

दुसरी गोष्ट तर मी डोळ्यानं पाह्यली आणि तरी सोडून दिली. नव्या बॅटरीच्या खुंट्या कशा असतात, गुळगुळीत, चकचकीत, वर लाल-काळी प्लॅस्टिकची टोपी. याच्या खुंटीवर टोपी नव्हती आणि गोल चरे होते, क्लॅम्प बसून बसून पडतात तसे. मी बोट फिरवलं. खरखर लागली. विचारलं पण, "हे काय आहे भाऊ?" तो म्हणे, "कंपनीत टेस्टिंग करतात त्याचे मार्क राहतात." आणि मी मान हलवली. त्या खरखरीवर बोट ठेवून उभा असलेला मी मले रोज दिसतो.

७,५०० सांगितले. घासाघीस करून ६,८०० वर आणले आणि वरून मले वाटलं की ७०० वाचवले. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "काका, पक्क्या बिलाले २८ टक्के जीएसटी वरून लागन, १,९०० रुपये वाढतीन." साफ खोटं. एमआरपीत टॅक्स धरलेलाच असते, बिल मागितलं म्हणून कोणी वरून जीएसटी लावू शकत नाही, आणि आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. जो बिलासाठी वरून पैसे मागतो त्याच्याकडून खिळा पण घेऊ नका. त्यानं पावती पुस्तकाचा कागद फाडून दिला, वर वॉरंटी कार्डावर शिक्का मारला, "२४ महिने टेन्शन नाही". पैसे क्यूआरवर टाकले, स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. तेव्हाही थांबलो नाही.

आणि जुनी बॅटरी? "भंगारात २५० जातीन काका, ते फिटिंगमध्ये धरले." दिली. घरी येऊन रात्री डॅशबोर्डचा कप्पा उघडला तर तिचं कार्ड हातात आलं. सप्टेंबर २०२३, पोळ्याच्या आठवड्यात यवतमाळहून ४,३५० ला घेतलेली, ३६ महिने पूर्ण बदलून देण्याची वॉरंटी. वीसच महिने झाले होते. म्हणजे खरंच खराब असती तरी फुकट नवी भेटली असती! चांगली बॅटरी मी माझ्या हातानं चोराच्या मोटरसायकलवर ठेवून दिली, उचलायलाही मदत केली. राजेहो, काहीही झालं तरी जुनी बॅटरी देऊ नका. कोणी म्हणो खराब आहे, डिक्कीत टाका, घरी आणा, ओळखीच्या माणसाकडून तपासून घ्या. तीच पुरावा, तीच पैसा, एक्सचेंजले सहा-सातशे रुपये तर कुठंच जात नाहीत.

९ जूनले सकाळी बियाणं आणायला निघालो, मृग लागलेला, आभाळ भरून आलेलं, आणि गाडी घर्र घर्र करून गप. ३०० रुपये देऊन एकाच्या जीपवरून केबल लावून सुरू केली, तशीच यवतमाळले ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेली. त्यानं साधी पाहून १२.३ सांगितली, मले वाटलं चला चार्जिंगचा प्रॉब्लेम असन. मग लोड टेस्टर (बॅटरीवर जोर टाकून पाहायचं मीटर) लावला तर काटा ८ च्या खाली. चांगली बॅटरी लोडवर साडेनऊच्या खाली जात नाही म्हणे. म्हणून नुसत्या व्होल्टवर जाऊ नका, बॅटरी घेताना आणि फेकताना दोन्ही वेळेस लोड टेस्ट करायला लावा, दोन मिनिटाचं काम आहे, बरेच डीलर फुकट करून देतात.

मग त्यानं स्टिकरच्या कोपऱ्याले नख लावलं. स्टिकर सुटला आणि खाली दुसऱ्याच कंपनीचा, उन्हानं पिवळा पडलेला स्टिकर. झाकणाच्या कडेला एम-सील लावून बुजवलेली भोकं, वरून काळा रंग. मेलेली बॅटरी उघडून, ॲसिड बदलून, चार्ज मारून विकतात. महिना-दोन महिने ओढते. तेवढ्यात माणूस शंभर किलोमीटर दूर गेलेला असते.

इलेक्ट्रिशियनले २०० दिले, नवी घेतली ती ४,९५० ला पडली कारण एक्सचेंजले द्यायला काही नव्हतंच, त्या डबड्याले त्यानं हात लावला नाही. ६,८०० आणि ३०० आणि २०० आणि ४,९५०, आणि खाली सांगतो त्या चकरांचं पेट्रोल १,१५०. टोटल १३,४००. तीन एकराचं बियाणं-खत आलं असतं यात.

आता चकरा. आमच्या ठाण्यात गेलो तर, "घटना आमच्या हद्दीत नाही, तिकडं जा." तिकडं गेलो, पाऊण दिवस बाकड्यावर बसवलं, मग म्हणे, "बॅटरी खराब निघाली हा ग्राहकाचा विषय आहे, पोलिसाचा नाही." मी म्हटलं साहेब, खराब निघाली नाही, वायर ढिली करून फसवलं, खोटा स्टिकर लावला, ही चोरी आहे. तर म्हणे, "वायर ढिली करताना तुम्ही पाह्यलं का? पैसे तुम्हीच पाठवले ना?" दुसऱ्या वेळेस गेलो, साहेब बंदोबस्ताले. तिसऱ्या वेळेस अर्ज घेतला पण माझ्या कॉपीवर शिक्का मारून द्यायला तयार नाही, "घेतला ना, मग काय पाहिजे." पेरणीच्या दिवसात चार वेळा वावर सोडून गेलो मी! क्यूआरवर नाव आहे, बँक आहे, मोबाईल नंबर आहे, रसवंती तिथंच उभी आहे, पोट्टे तिथंच बसतात, सगळं ताटात वाढून दिलं तरी कोणी हात धुवायले तयार नाही. माझा भाचा वकिलीचं शिकते, त्यानं नंतर सांगितलं की १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हद्द कोणतीही असो दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाले न विचारता तपास करू शकतात) खबर कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते, आणि नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवता येते. पाठवलं रजिस्टर पोस्टानं. मले आधी माहीत असतं तर पहिल्याच दिवशी हे कलम तोंडावर सांगितलं असतं. तुम्ही सांगा.

ज्या कंपनीचा स्टिकर होता तिच्या कस्टमर केअरलाही फोन केला. सिरीयल नंबर सांगितला. पोरगी म्हणे हा नंबर आमच्या सिस्टीममध्ये नाही सर. मी म्हटलं तुमच्या नावाचं स्टिकर छापून लोकांना लुटून राहिले, तुम्हाले काही घेणंदेणं? "सर, आपण अधिकृत डीलरकडूनच खरेदी करावी." हे सांगायले फोन केला होता का मी? घेताना मात्र याचा उपयोग करा, पैसे द्यायच्या आधी डीलरले तुमच्यासमोर वॉरंटी ऑनलाईन टाकायला लावा, मोबाईलवर मेसेज आला की मगच पैसे. बॅटरीच्या अंगावरचा सिरीयल नंबर, कार्डावरचा आणि बिलावरचा तिन्ही एक आहे का पहा. बनवल्याची तारीख विचारा, सहा महिन्याच्या वर दुकानात पडलेली असली तर दुसरी मागा. आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलं तेवढ्याच एएचची घ्या, "मोठी टाकून देतो, जास्त चालन" ऐकू नका.

ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या खरेदीले फी लागत नाही, दोन वर्षाच्या आत तक्रार टाकावी लागते, ऑनलाईनही टाकता येते. पण समोरच्याचं नाव-पत्ता पाहिजे, आणि माझ्याकडं पावती पुस्तकाचा एक कागद, ज्याच्यावर दुकानाचं नाव आहे आणि त्या नावाचं दुकान त्या गावात नाही. म्हणून म्हणतो पक्कं बिल. एकदा नाही, शंभरदा म्हणतो.

आणि रोडवर कोणी "पाणी गळून राहिलं, धूर येऊन राहिला, चाक हलून राहिलं" म्हटलं तर गाडी चालू ठेवून पेट्रोल पंपापर्यंत न्या, टेम्परेचरचा काटा पाहा, काटा जागेवर असला आणि धूर किंवा चाकाचं हलणं तुम्हाले स्वतःले दिसत-जाणवत नसलं तर उतरू नका. बॉनेट उघडायचंच असलं तर स्वतः पहा, दुसऱ्याचा हात आत जाऊ देऊ नका. १० नंबरचा पाना डिक्कीत नाही, दाराच्या कप्प्यात ठेवा. माझा आता तिथंच आहे.

ती बॅटरी गोठ्यात ठेवली आहे, अर्धा स्टिकर सुटलेला तसाच. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दिली नाही. मे-जूनमध्ये त्या रोडवर ज्यांची गाडी अशी अचानक बंद पडली असन त्यांनी पण आपापली बॅटरी पहा, स्टिकरच्या कोपऱ्याले नख लावा, आणि खाली दुसरं नाव निघालं तर पावती घेऊन मले भेटा, अर्ज एकट्याचा असला की बाकड्यावर बसवतात, पाच-सात जण मिळून जाऊ.