अंधबधिर बाळासाठी सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल: काय घ्यावं, कसं वापरावं

आधी निकाल. जमिनीवर अंथरायला सोलापुरी चादर: पाचपैकी साडेचार. आंघोळीची खूण म्हणून टर्किश टॉवेल: पाचपैकी पाच. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायला चादर: शून्य.

हे परीक्षण ज्या बाळाला दिसण्याची आणि ऐकण्याची, दोन्ही अडचण आहे त्याच्या घरासाठी आहे. कारण गरोदरपणातला रुबेला असेल, फार लवकर झालेला जन्म असेल किंवा चार्ज सिंड्रोम (एक दुर्मीळ जन्मजात आजार) असेल, चादर-टॉवेलांचा हिशेब फारसा बदलत नाही. बदल होतो तो थोडी नजर किंवा थोडं ऐकणं शिल्लक असेल तर, आणि बहुतेक अंधबधिर बाळांमध्ये काही ना काही शिल्लक असतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

इतर बाळांची आंघोळ पाण्यात पाय टाकायच्या बरीच आधी सुरू होते. बादली भरल्याचा आवाज येतो, आजी बाह्या सरसावताना दिसते, कोणीतरी "चला, न्हाऊ करायचं" म्हणतं. अंधबधिर बाळाला यातलं फारसं काही पोचत नाही. कुठून तरी दोन हात येतात, उचलतात, कपडे निघतात आणि अंगावर गरम पाणी पडतं. दिवसातून दहा वेळा असं झालं की बाळ एक तर प्रत्येक स्पर्शाला दचकून रडतं, नाहीतर मिटून जातं, हात मागे ओढून घेतं. "किती शांत बाळ आहे" असं पाहुणे म्हणतात तेव्हा अनेकदा हे मिटणंच चाललेलं असतं. पुढे काय होणार आहे हे हाताला आधी कळावं, म्हणून एकमेकांपासून ठळक वेगळे पोत लागतात. ते आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली विणले जातात. परदेशी 'सेन्सरी किट' मागवण्याआधी बाजारात एक चक्कर मारा.

दुकानात काय बघायचं

सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी, म्हणजेच टर्किश, टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर इथली नसते आणि निव्वळ सुतीही नसते. काठाचा एक धागा काढून घ्या आणि बाहेर येऊन जाळून बघा. सूत कागदासारखा वास सोडत जळतं आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे बाळ तासन्‌तास गाल टेकून पडणार आहे, लाळ गाळणार आहे, कापड चोखणार आहे. पॉलिस्टर ओल शोषत नाही आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतं.

दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर वीसेक वेळा घासा. रुमाल रंगला तर ती चादर या कामाची नाही.

तिसरी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची आणि दुकानदाराला विचित्र वाटणारी. डोळे मिटा आणि बरोबरच्या माणसाला चादर, टॉवेल आणि साधा पंचा एकेक करून तळहाताखाली धरायला सांगा. बोट फिरवावं न लागता, हात टेकताक्षणी ओळखू आलं पाहिजे. जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेल्या चादरीची नक्षी हाताला उंचसखल लागते, टॉवेलचे फासे, म्हणजे धाग्याचे वेढे, उभे असतात, पंचा सपाट. हा फरक तुम्हालाच विचार करून सांगावा लागला तर बाळाला तो कळायचा नाही. टॉवेल फार गुळगुळीत, कातरलेल्या फाशांचा घेऊ नका. तो मखमलीसारखा लागतो आणि झबल्याच्या मऊ कापडात हरवतो. ४०० ते ५०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), दोन्ही बाजूंनी अख्खे फासे असलेला साधा टॉवेल पुरे. त्याहून जाड घेतला तर तो लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतो.

सेकंडचा, म्हणजे विणीत दोष राहिलेला, माल स्वस्त मिळतो, पण निसटलेले धागे आणि तुटके फासे तपासल्याशिवाय उचलू नका.

आणि प्रत्येक वस्तू जोडीने घ्या, एकाच गठ्ठ्यातली. हे खर्चिक वाटेल, पण टाळू नका. भिजलेली चादर एका माणसाला पिळवत नाही, पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. एकच चादर असली तर धुण्याच्या दिवशी बाळाच्या पाठीखाली वेगळंच काहीतरी येतं आणि ओळखीची जागा गायब होते. दोन असल्या तर आठवड्याला आलटून पालटून वापरा. एक कपाटात आणि एक वापरात असं केलं तर सहा महिन्यांनी एक मऊ आणि एक करकरीत अशा दोन वेगळ्या चादरी होतात.

घरी आणल्यावर

नव्या चादरीला खळ असते आणि रंगाचा वास असतो. वेगळ्या पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. साबण पुढे बदलू नका, कारण स्पर्शानंतर वास ही या बाळाची दुसरी खूण आहे. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. फासे लोळतात, टॉवेल पाणी शोषत नाही, आणि त्या वासाखाली आईचा वासही दबतो.

चादरीच्या दशा कापून टाका आणि काठ दोनदा मुडपून शिवून घ्या. कोपऱ्यावरचा टेलर दहा मिनिटांत करून देतो. दशेचा सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती किंवा पायाच्या अंगठ्याभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं. बाळ कारण न कळता रडू लागलं तर पायमोजे काढून बोटं बघायची सवय ठेवा. टॉवेलच्या फाशातही नख अडकतं, म्हणून नखं कापलेली हवीत.

शिवून घेतानाच चादरीच्या डोक्याकडच्या काठाला टॉवेलची चार बोटं रुंद पट्टी लावून घ्या. चादर नेहमी त्याच जागी, पट्टी त्याच दिशेला. काही आठवड्यांनी बाळाचा हात आपणहून तिथे जातो. शहाबादी फरशीवर अंथरली असेल तर आणखी एक फायदा मिळतो. लोळणारं बाळ काठावर आलं की हाताला गार फरशी लागते आणि आपली जागा संपली हे कळतं. म्हणून खोलीभर सतरंज्या पसरू नका. कड असली पाहिजे.

नजर थोडी शिल्लक असेल तर मात्र हीच चादर अडचण करते. मोर, वेली, चौकडी या नक्षीवर ठेवलेलं खेळणं दिसतच नाही, आणि उलटी करून उपयोग नाही, कारण मागे तीच नक्षी उलट्या रंगात असते. अशा वेळी खेळण्याखाली एकरंगी काळा किंवा गडद निळा टॉवेल टाका आणि त्यावर पिवळी किंवा लाल अशी एकच वस्तू ठेवा. उरलेला अर्धा गुण इथे कापला आहे.

श्रवणयंत्र लावलेलं बाळ कुशीवर झालं की कान कापडात दबतो आणि यंत्र शिट्टी मारतं. हा बिघाड नाही. मायक्रोफोनजवळ कापड आलं की आवाज परत आत फिरतो. बाळ उताणं असताना किंवा मांडीवर बसलेलं असतानाही शिट्टी येत असेल तर कानातला साचा सैल झाला आहे. तान्ह्यांचा कान भराभर वाढतो, साचे वरचेवर बदलावेच लागतात.

आंघोळ: टॉवेल खरा कामाला येतो तो इथे

मोठ्या टॉवेलचा वीतभर चौकोन कापून, काठ शिवून, वेगळा ठेवा. हीच आंघोळीची खूण. बाळाजवळ बसा आणि आधी तुम्ही कोण आहात ते कळू द्या. आईने मनगटावरच्या बांगड्यांना बाळाचा हात लावू द्यावा, बाबांनी घड्याळाला. रोज तेच. मग तो चौकोन तळहाताच्या बाजूला टेकवा आणि थांबा. मूठ उघडून आत कोंबू नका. या बाळाचे डोळे म्हणजे त्याचे हात, आणि हात धरून ओढणं म्हणजे कोणी आपली मान धरून वळवण्यासारखं आहे. तुमचा हात त्याच्या हाताखाली सरकवा, म्हणजे त्याला वाटेल तेव्हा तो काढून घेता येतो.

थांबणं बहुतेकांना जमत नाही. मनात वीस आकडे मोजा. श्वास बदलतो, पाय थांबतात, बोटं पसरतात, तेच उत्तर. मग दोन्ही काखांत हात घट्ट ठेवा, पुन्हा क्षणभर थांबा, आणि मगच उचला. स्पर्श हलका फुलपाखरी नको. त्याने गुदगुल्या होतात आणि दचकायला होतं. सावकाश, भरीव दाब द्या. चौकोन बाळाबरोबर न्हाणीपर्यंत जाऊ द्या. पाणी आधी पायांना, मग मांड्यांना, डोक्यावर सगळ्यांत शेवटी. नंतर मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबून टिपा, घासू नका. शेवटी चौकोन एका टोपलीत टाकायचा, बाळाचा हात तुमच्या हातावर असताना. याचा अर्थ 'संपलं'. ही शेवटची पायरी गाळली जाते आणि मग आंघोळ नेमकी कधी संपली ते बाळाला कळतच नाही.

मालिश करून न्हाऊ घालणारी मावशी येत असेल तर पहिल्याच दिवशी तिला हा क्रम करून दाखवा. पायावर पालथं घालून एकदम तांब्या ओतण्याची पद्धत या बाळासाठी नाही. श्रवणयंत्र आणि चष्मा मालिशेआधी काढून ठेवा. कानात तेल घालू देऊ नका, कितीही वर्षांचा रिवाज असला तरी.

चौकोन फक्त आंघोळीचा. लाळ पुसायला, खेळायला, दूध सांडल्यावर तो वापरला की त्याचा अर्थ गेला. जिथे ही पद्धत फसते तिथे अनेकदा कारण हेच असतं. नाहीतर घरातला प्रत्येक जण वेगळी खूण करत असतो. आपल्याकडे एकाच घरात आजी तेलुगू, शेजारची काकू कन्नड आणि आई मराठी बोलते आणि मोठी होणारी मुलं तिन्ही भाषा उचलतात. स्पर्शाच्या खुणांचं तसं होत नाही, त्या एकच हव्यात. कागदावर लिहून भिंतीला लावा: उचलणं म्हणजे काखांत दाब, दूध म्हणजे ओठाच्या कडेला बोट, आंघोळ म्हणजे चौकोन. सुरुवातीला तीन-चारच पुरेत.

काय करू नये

वर्षाच्या आतलं बाळ झोपताना त्याच्यावर चादर नको, शेजारी गुंडाळी नको, उशी नको. किलोभर वजनाचं कापड तोंडावर आलं तर तान्ह्याला ते बाजूला करता येत नाही. 'वजनामुळे बाळ शांत होतं' हा सल्ला तान्ह्यांना लावू नका. थंडीत जाड कपडे घाला. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना जागेपणीही जाड चादरीवर फार वेळ नको, पाठीला घामोळं येतं. तेव्हा त्यावर पंचा टाकावा लागतो आणि पोत बदलतो. याला चांगला उपाय नाही. निदान टॉवेलची पट्टी उघडी राहील असा टाका.

पोटावर पालथं घालायला चादरीची गुंडाळी करू नका, ती फार जाड आणि कडक होते. टॉवेलची तीन इंची गुंडाळी काखांखाली, तीही तुम्ही समोर बसलेले असताना. मान उचलून बघावं असं पुढे काहीच दिसत नसल्यामुळे ही बाळं पालथी राहायला कंटाळतात. त्यांना आधी तुमच्या छातीवर पालथं घ्या.

आणि कंपनफळीवर चादर टाकू नका. अंध मुलांबरोबर काम केलेल्या डेन्मार्कच्या लिली निल्सन यांनी वापरात आणलेली ही फळी कोणताही सुतार करून देतो: ४ मिमी प्लायवूड, चार फूट बाय चार फूट, खालून चारी कडांना २ सेंमी उंचीची पट्टी, म्हणजे मधली फळी जमिनीला टेकत नाही. कडा घासून गोल करा, बाहेर आलेला खिळा नको. बाळाने त्यावर टाच आपटली, स्टीलची वाटी ढकलली की ते कंपन पाठीतून परत येतं आणि 'हे मी केलं' असं कळतं. जाड चादर ती सगळी थरथर पिऊन टाकते. फळी चादरीच्या शेजारी ठेवा, सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच. खाली किंवा भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत असेल तर आधी जमिनीवर तळहात ठेवून बघा. अखंड थरथर येत असेल तर बाळाची जागा घराच्या दुसऱ्या टोकाला हलवा, नाहीतर वाटीची थरथर मागाच्या थरथरीत मिसळून जाते.

टॉवेल कापाल तेव्हा चौकोन एक नाही, चार कापा आणि चारही मोठ्या टॉवेलबरोबर धूत राहा. वापरातला विरला की नवा एकदम देऊ नका. दोन्ही एकत्र टाचून पंधरा-वीस दिवस वापरा, मग जुना काढा.