लॅपटॉपमधले सेव्ह झालेले वायफाय: आठ महिन्यांचा अनुभव

मी हिशेबाचं काम करतो, म्हणजे सोमवारी भुसावळ, मंगळवारी सावदा, मग फैजपूर, महिनाअखेरीला रावेर, असं लॅपटॉप घेऊन दुकानं आणि केळीच्या व्यापाऱ्यांची ऑफिसं फिरणं चालू असतं. जिथं गेलो तिथं पासवर्ड टाकायचा अन् मोकळं व्हायचं, ते नाव लॅपटॉप कायमचं धरून ठेवतो हे डोक्यातच नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी यादी उघडली तर ५३ नावं निघाली!

त्याचा त्रास नेमका २० तारखेला व्हायचा, जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायच्या दिवशी. शेजारच्या दुकानाचं जुनं नेटवर्क लॅपटॉप आपोआप पकडायचा, वर कनेक्टेड दिसायचं आणि साईट काही उघडायची नाही. शेठ दारातून विचारायचे, "भाऊ, आते नेट चालस का?" आणि मी आपला राउटर बंद-चालू करत बसायचो.

माझ्याकडे विंडोज ११ आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथं सगळी यादी मिळते. पण फरगेट एकेकच करावं लागतं, ५३ नावांना माझी अख्खी संध्याकाळ गेली. कमांड प्रॉम्प्टमध्ये (टाईप करून कमांड द्यायच्या खिडकीत) नेटएसएच डब्ल्यूलॅन डिलीट प्रोफाइल देऊन नावाच्या जागी स्टार (*) टाकला तर सगळी एकदम जातात, पण मग घरचंही जातं, म्हणून मी तो रस्ता घेतला नाही. आता १४ ठेवलेत.

खरा फरक पडला तो ऑटो कनेक्टची खूण काढल्याने. घर आणि ऑफिस सोडून सगळ्यांची काढली, स्टेशनवरच्या फुकट वायफायची तर आधी, कारण बिनपासवर्डच्या नेटवर्कचं नाव कोणीही आपल्या हॉटस्पॉटला देऊ शकतो आणि लॅपटॉप आपणहून त्याला जाऊन चिकटू शकतो. माझ्याकडे लोकांचे जीएसटीचे लॉगिन असतात हो, तिथं धोका नको. मोबाईलच्या हॉटस्पॉटला मीटर्ड (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू केलं, तेव्हापासून दुपारपर्यंत दीड जीबी संपायचं ते आता रात्रीपर्यंत पुरतं.

आणि एक काम प्रत्येकाने आजच करा, ठेवलेल्या नेटवर्कांची पासवर्डसकट कॉपी काढून ठेवा. मध्यंतरी लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला, त्याच्या आदल्या दिवशी मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एक्सपोर्ट प्रोफाइलची कमांड की इक्वल्स क्लिअर लावून दिली होती, प्रत्येक नेटवर्कची एकेक एक्सएमएल फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि नंतर ॲड प्रोफाइलने परत चढवल्या, कोणालाही पासवर्ड मागावा लागला नाही. फक्त त्या फाइलीत पासवर्ड उघडा दिसतो, कोणी नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येतो, म्हणून तो पेन ड्राइव्ह मी घरच्या कपाटात कुलपात ठेवलाय, बॅगेत फिरवत नाही.