ताम्हिणीनेच जायचंय: मधला स्टॉप टाकू की टोल टाळू?

पुण्याहून दापोलीला जाताना मला ताम्हिणी घाटच लागतो, आणि गूगल मॅप्सची नॅव्हिगेशन बाई दर वेळी भोर-वरंधा घाटाकडे ओढते. वाटेत मधला स्टॉप टाकणं आणि टोल टाळा हे सेटिंग, दोन्ही उपाय करून पाहिले.

टोल टाळा, हायवे टाळा हे एका टिचकीत होतं खरं, पण त्यातून आपला रस्ता मिळत नाही, फक्त नको तो रस्ता जातो आणि उरलेल्यातून निवड परत तिचीच. शिवाय सेटिंग तसंच राहतं, मग पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालो तर एक्सप्रेसवे गायब, बसा शोधत का ते.

मधला स्टॉप टाकायला दोन मिनिटं जास्त लागतात पण काम होतं. गूगल मॅप्समध्ये असे ९ स्टॉप टाकता येतात, मला दोनच पुरतात, ताम्हिणी गाव आणि माणगाव. फक्त पिन झूम करून नेमकी रस्त्यावर टाका, मी एकदा हॉटेलच्या मागच्या शेडवर टाकली तर गाडी थेट त्यांच्या भटारखान्यात, आचारी झारा घेऊन बघतोय! डिव्हायडर असेल तर आपल्याच बाजूला टाका, नाहीतर यू-टर्न ठरलेला.

मी तरी स्टॉपवाला. टोल टाळा फक्त खरंच टोल वाचवायचा असेल तेव्हा.