सिग्नल: वेळा जुळवलेले की सेन्सरवाले?

"वाहतूक पोलिसांना निवेदन द्यायचंय, पण नेमकं काय मागू?" असं शेजारच्या काकांनी विचारलं. पर्याय दोन: ओळीतल्या चौकांच्या वेळा एकमेकांशी जुळवणं, किंवा गर्दी बघून स्वतः वेळ बदलणारे सेन्सरचे सिग्नल.

खर्चात पहिला सरळ स्वस्त. वेळा जुळवायचा हिशेबही साधा आहे: ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढचा चौक ४०० मीटरवर असेल, तर तिथला हिरवा ४० सेकंदांनी लागावा. मरीन ड्राइव्हसारख्या मोकळ्या रस्त्याला हे शोभतं. मुंबईच्या उपनगरातल्या गजबजलेल्या एस. व्ही. रोडवर मात्र डबल पार्किंग, थांब्यावरची बेस्टची बस, मधेच वळणारी रिक्षा यांत तो वेग टिकत नाही आणि सगळं गणित कोलमडतं. दोन्ही दिशांना एकदम हिरवा साधणं तर आणखी अवघड.

सेन्सर रिकाम्या बाजूचा फुकट जाणारा हिरवा वाचवतो, हा त्याचा खरा फायदा. पण गाड्या ओळखणारी डांबराखालची सेन्सरची तार खोदकामात तुटते, आणि मुंबईत खोदकाम चालूच असतं. तारेऐवजी कॅमेरा बरा, त्याची काच पुसायला मात्र माणूस हवा. चारही बाजू तुंबल्या, तर सेन्सरचाही इलाज चालत नाही.

पादचाऱ्यांचे सेकंद दोन्हींत कापू देऊ नका. १५ मीटर रस्ता ओलांडायला १२-१३ सेकंद लागतात, आजी-आजोबांना जास्तच.

सरळ रस्ता आणि जवळजवळचे चौक असतील तर वेळा जुळवून मागा. स्टेशन किंवा बाजाराजवळचा सुटा चौक, जिथली गर्दी तासातासाला बदलते, तिथे सेन्सर मागा, पण देखभालीच्या करारासकट.