इंजिन काम केलेल्या जिप्सीत ब्रीदर बुजवून केलेली फसवणूक

जुन्या गाडीचं इंजिन बांधायला टाकलं असेल किंवा टाकायचा विचार असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. रिबोअर (म्हणजे झिजलेले सिलिंडर मशीनवर थोडे मोठे कापून घेणं), चार ओव्हरसाइज पिस्टन, रिंगसेट, बेअरिंग, ऑइल सील आणि मजुरी असे माझ्याकडून ५८ हजार रुपये घेतले गेले. प्रत्यक्षात सिलिंडरला बोअरिंगचं हत्यार लागलंच नव्हतं. महिनोन्‌महिने हे उघडकीला आलं नाही, कारण इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतला गॅस बाहेर काढणारी वाट, मुद्दाम बुजवून ठेवला होता. ब्रीदरकडे कुणी बघत नाही. बिलात त्याची ओळ नसते, पीयूसीवाला तो तपासत नाही आणि गिऱ्हाइकाला तो कुठे असतो हेही बहुधा ठाऊक नसतं.

गाडी १९९८ ची जिप्सी किंग, तेराशे सीसी, कार्बोरेटरवाली. घाटात चढताना निळा धूर, हजार किलोमीटरला लिटरच्या आसपास ऑइल आणि ऑइलचं झाकण काढलं की भसाभसा वाफ. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ब्रीदर मारतंय. रिंगा गेल्यात. फुल काम काढावं लागेल." हे निदान खरं होतं. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण तोंडावर होतं, पर्यावरण कर भरायचा होता, तेव्हा एकदाचं काम नीट होऊ दे म्हणून इंजिन उतरवायला सांगितलं.

पुढची लबाडी कळायला ब्रीदर काय करतो ते माहीत हवं. रिंगा कितीही नव्या असोत, सिलिंडरमधला थोडा गॅस पिस्टनच्या कडेनं खाली क्रँकच्या पोकळीत उतरतोच. त्यात न जळालेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, ऑइल खराब करणारी आम्लं असतात. तो बाहेर काढला नाही तर आत दाब साठतो आणि मिळेल त्या फटीतून ऑइल ढकलतो. फार जुन्या गाड्यांत एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, धावत्या गाडीखालचा वारा ती वाफ ओढून न्यायचा. जिप्सीत याहून चांगली सोय आहे. हेड कव्हरवरून एक नळी पीसीव्ही व्हॉल्व्ह (वाफेची वाट कमीजास्त करणारी झडप) मार्गे इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्याला, जाते आणि दुसरी एअर फिल्टरला. मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम वाफ ओढतं, फिल्टरकडून स्वच्छ हवा आत येते आणि वाफ पुन्हा इंजिनातच जळते. आयडलला व्हॅक्यूम जास्त असतं तेव्हा व्हॉल्व्ह वाट अरुंद करतो, गाडी लोडवर आली की मोकळी करतो. फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम उरत नाही, तेव्हा जास्तीचा गॅस दुसऱ्या नळीतून उलटा एअर फिल्टरकडे जातो.

म्हणजे रिंगा गेलेल्या इंजिनात ही व्यवस्था शाबूत असेल तर चोरी लपत नाही. ऑइल मिसळलेली वाफ मॅनिफोल्डमध्ये जाते, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, एअर फिल्टर ऑइलनं भिजतो. काम न करता काम केल्याचं दाखवायचं असेल तर या दोन्ही नळ्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. माझ्या गाडीत तो केला होता.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडी झकास चालली. धूर नाही, आवाज नाही. मिस्त्रीनं एका गोणीत जुने पिस्टन आणि रिंगा दिल्या, "तुमचा माल तुम्हाला परत" असं म्हणून. पीयूसीही निघाली. पण महिनाभरात गाडी उभी राहते तिथे, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या आवरणाच्या) खाली, ऑइलचे डाग पडायला लागले. क्रँकचा मागचा सील गळत होता. गिअरबॉक्स उतरवून सील बदलला, त्याचे साडेसहा हजार वेगळे. सांगितलं काय, तर "हल्ली सीलच निकृष्ट येतात." नवा सीलही गळला. मग हेड कव्हरचं पॅकिंग ओलं दिसायला लागलं. खंबाटकी घाट चढून वर थांबलो तर डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, आपल्या जागेवरून वर आलेली. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा, सायीसारखा थर जमायला लागला. एकाच वेळी सगळीकडून ऑइल बाहेर येत असेल तर दोष प्रत्येक सीलचा नसतो, आत दाब साठलेला असतो. हे मला दुसऱ्या मिस्त्रीकडून कळलं. सातारा रस्त्यावर छोटं गॅरेज चालवणारे हे वयस्क काका आयुष्यभर जुन्याच गाड्या करत आलेत.

त्यांनी सीलला हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डकडची नळी चिमटीत दाबली. आयडलमध्ये काही फरक नाही. ती वाट चालू असती तर नळी दाबल्यावर इंजिनाची लय बदलायला हवी होती, कारण तिथून येणारी हवा कार्बोरेटरच्या सेटिंगमध्ये धरलेली असते. त्यांनी क्लिप सैल करून नळी काढली आणि बोटांनी चाचपत गेले. मधोमध एक गाठ लागली. ब्लेडनं नळी उभी चिरली, तर आत बेअरिंगची पोलादी गोळी घट्ट बसवलेली. वरून क्लिप होती, त्यामुळे बाहेरून शंकासुद्धा आली नसती. चुकून अशी गोळी नळीत जात नाही.

दुसरी नळी एअर फिल्टरला जोडलेलीच नव्हती. फिल्टरच्या नळकांड्यावर रबरी टोपी घातलेली, आणि हेड कव्हरच्या नळीला पुढे पेट्रोलचा बारीक पाइप जोडून तो फायरवॉलच्या कडेनं खाली चासीपर्यंत नेलेला. सगळी वाफ गाडीखाली रस्त्यावर जात होती, म्हणून सायलेन्सर स्वच्छ दिसत होता. पुढे त्या बारीक पाइपात ऑइल आणि पाणी साचलं, एका ब्रॅकेटपाशी तो चेपला आणि गॅसला उरलेली वाटही बंद झाली. तिथून सील गळायला लागले.

"वरची नळी बुजवलीय म्हणजे आत काय असेल ते बघायलाच पाहिजे," काका म्हणाले. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो त्याचं माप, घेतलं. हे इंजिन चांगलं असेल तर साधारण २०० पीएसआय दाखवतं, १७० च्या खाली गेलं की काम आलं असं समजतात. माझ्या तीन सिलिंडरना १४० च्या आसपास आणि तिसऱ्या नंबरला ९५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तर आकडे झपकन वर गेले. ऑइलनं तात्पुरती फट भरते, म्हणून गळती रिंगांकडूनच आहे हे पक्कं झालं. व्हॉल्व्हचा दोष असता तर आकडे फारसे हलले नसते.

हेड उघडल्यावर मी तिथेच उभा होतो. सिलिंडरच्या वरच्या कडेला, जिथे रिंग पोचत नाही, तिथे जुनी धार तशीच होती. नख लावलं की अडकत होतं. नुकतंच बोअर केलेल्या सिलिंडरला ही धार असूच शकत नाही. भिंतींवर हॉनिंगच्या (घासकामाच्या) तिरक्या रेषा मात्र होत्या, म्हणजे वरवर घासून नवं काम झाल्यासारखं दाखवलेलं. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा ५० हा आकडा असायला हवा होता. काजळी पुसली तर तिथे एसटीडी, म्हणजे मूळ स्टँडर्ड माप. बिलात मात्र अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइजचे चार पिस्टन. बोअर गेज लावल्यावर वर ७४.१९ आणि खाली ७४.०५ मिलिमीटर आलं. या इंजिनाचा मूळ बोअर ७४ चा, आणि रिबोअर झाला असता तर सगळीकडे ७४.५० च्या घरात यायला हवं होतं. झिजलेल्या, निमुळत्या झालेल्या सिलिंडरमध्ये नव्या स्टँडर्ड रिंगा ढकलून दिल्या होत्या. तिसऱ्या सिलिंडरची वरची रिंग त्या धारेवर आपटून तुटली होती आणि भिंतीवर उभा ओरखडा पडला होता. आधी जो ब्लॉक सरळ रिबोअरनं सुधारला असता, त्यात आता एक स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायचं नवं अस्तर, घालावा लागला. या गोष्टीचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

ती गोणी मी टाकली नव्हती. त्यातल्या पिस्टनना व्हर्निअर लावला तर माप ६८ मिलिमीटरच्या थोडं वर. ते मारुती ८०० चे पिस्टन होते. माझ्या गाडीचा एकही तुकडा त्यात नव्हता. डिलिव्हरीच्या वेळी इंजिनात घट्ट ऑइल आणि वर मधासारखं दाट अॅडिटिव्ह घातलेलं होतं, हेही नंतर लक्षात आलं. त्यानं धूर आणि आवाज थोडे दिवस दबतात.

आता तुम्हाला काय करता येईल ते सांगतो. ब्लॉक मशीन शॉपला जाईल तेव्हा सोबत जा, किंवा निदान बिल तुमच्या नावानं, प्रत्येक सिलिंडरच्या मापासकट घ्या. गॅरेजवाल्याच्या बिलातली "रिबोअर" ही एक ओळ पुरावा म्हणून कमी पडते. पिस्टन बसण्याआधी माथ्यावरच्या आकड्याचा फोटो काढा. इंजिन उघडण्याआधी तुमच्या पिस्टनवर मार्करनं खूण करून ठेवा म्हणजे जुना माल कुणाचा हा वाद राहत नाही. डिलिव्हरी घेताना कॉम्प्रेशन समोर घ्यायला लावा. जो मिस्त्री त्याला नाही म्हणेल त्याच्याकडून गाडी ताब्यात घेऊ नका, पैसे तर त्याआधी मुळीच देऊ नका.

ब्रीदर तपासायला पाच मिनिटं पुरतात. इंजिन आयडलवर ठेवून पीसीव्ही व्हॉल्व्ह नळीसकट हेड कव्हरच्या बाजूनं मोकळा करा, तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे. व्हॉल्व्ह काढून हलवा, आत खुळखुळलं पाहिजे. मग सगळं जोडून ऑइलच्या झाकणाच्या जागी कागद धरा. निरोगी इंजिनात तो हलकेच आत ओढला जातो, बाहेर फडफडला तर गॅस जास्त आहे किंवा वाट बंद आहे. आणि प्रत्येक नळी हातानं शेवटपर्यंत चाचपा. ब्रीदरचा पाइप गाडीखाली सोडलेला दिसला आणि मिस्त्री म्हणाला "असंच करतात, इंजिन मोकळं श्वास घेतं", तर त्याला तो आधी मूळ जागी जोडायला लावा, मग ट्रायल घ्या. धूर असेल तर तेव्हाच दिसेल.

पहिल्या गॅरेजवाल्यानं फोटो पाहून "गाडी तुम्ही गरम केली" असं उत्तर दिलं. वकिलाची नोटीस गेल्यावर पिस्टनचे पैसे देतो म्हणाला, रिबोअरबद्दल गप्प. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. चिरलेली नळी, गोळी, एसटीडीचे पिस्टन आणि ती गोणी मी सांभाळून ठेवली आहे. मशीन शॉपनं मोजमापांचा कागद सही-शिक्क्यानिशी दिला, तो तक्रारीला जोडला आहे. तुमच्याकडे अशी वेळ आली तर दुसऱ्या मिस्त्रीला इंजिन पुन्हा बांधू देण्याआधी हे सगळं करून घ्या, कारण नवा बोअर झाला की जुन्या चोरीचा माग त्या ब्लॉकवर उरत नाही.