सुपरमार्केट सिम्युलेटर: दुकान टाकायची हौस फिटते
नोक्ता गेम्सचा हा गेम 2024 मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानावर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला) आला, आणि वरवर बघितलं तर यात आहे काय, कॉम्प्युटरवरून माल मागवा, दारात पडलेले खोके उचला, शेल्फ भरा, गल्ल्यावर बसून सुट्टे परत द्या. बस्स. पण बाजारभाव सारखा हलतो, किमतीचं लेबल बदललं नाही तर नफा गेला आणि जास्त लावलं की गिऱ्हाईक महाग म्हणून कुरकुरतं, हे सांभाळता सांभाळता रात्रीचे दोन कधी वाजतात कळतच नाही. कार्डवाल्याची रक्कमपण आपणच मशीनवर टाकायची (उधारीवाला कोणी नाही, तेवढं सुख!). नवीन मालाला लायसन लागतं, ते मिळवायची ओढ भारी. कॅशियर, माल भरणारे ठेवले की मात्र मालकाला काम उरत नाही, मजा उतरते. म्हणून गल्ला मी अजून सोडलेला नाही.