जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घेताना: आधी कारखान्याचं प्रमाणपत्र की इतिहासकाराचा अहवाल?

१९५० किंवा ६० च्या दशकातली फेरारी, लॅम्बोर्गिनी किंवा आल्फा रोमिओ घ्यायची ठरली, की किमतीच्या आधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. ही गाडी सांगितली जाते तीच आहे का? आणि बॉनेटखालचं इंजिन तिच्याबरोबर कारखान्यातून निघालेलंच आहे का? याची उत्तरं तीन ठिकाणी मिळतात: खुद्द कारखान्याकडे, स्वतंत्र इतिहासकाराकडे आणि इटलीच्या सरकारी नोंदवहीत. तिन्हीकडे पैसे आणि वेळ जातो, म्हणून क्रम महत्त्वाचा. माझं मत आधीच मांडतो. विसार देण्याआधी इतिहासकाराचा अहवाल हातात हवा. कारखान्याचं प्रमाणपत्र त्यानंतर.

बहुतेक खरेदीदार नेमकं उलटं करतात, आणि त्याला कारणही आहे. फेरारीने २००६ मध्ये आपल्या कारखान्याच्या गावी, मारानेल्लोत, ‘क्लासिके’ हा विभाग सुरू केला. वीस वर्षांहून जुन्या गाड्यांची चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी कारखान्याच्या जुन्या कागदांशी ताडून तिथे प्रमाणपत्र दिलं जातं. बाजारात त्याला ‘रेड बुक’ म्हणतात आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ते ठळकपणे छापलं जातं. त्यामागची ताकद खरी आहे, कारण फेरारीने त्या काळात इंजिनाच्या नोंदी फार बारकाईने ठेवल्या होत्या. २५० मालिकेच्या रोड कारमध्ये चासीचा नंबर इंजिनावरही पंच केलेला असतो. त्याशिवाय इंजिनाला स्वतःचा वेगळा अंतर्गत नंबर असतो, इटालियनमध्ये ‘नुमेरो इंतेर्नो’. त्याचा चासी नंबरशी काही संबंध नसतो, तो कारखान्याच्या जुळणीच्या कागदांवर असतो. दुसऱ्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, आणून आधीचा नंबर घासून त्यावर हवा तो चासी नंबर ठोकणं अवघड नाही. पण अंतर्गत नंबरही जुळवायचा तर तो माहीत असावा लागतो. म्हणून विक्रेता नुसतं ‘मॅचिंग नंबर’ म्हणाला की लगेच विचारा: अंतर्गत नंबर काय आहे, आणि तो कोणत्या कागदावर पाहिला?

नंबर घासून पुन्हा ठोकला असेल तर धातूही काही सांगतो. पंच मारताना आकड्याखालचा धातू दाबला जातो, आणि वरचा थर घासला तरी तो दाब खाली उरतो. रसायन लावून जुना आकडा काही वेळा पुन्हा दिसतो. हे ब्लॉक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असल्यामुळे लोखंडासाठीची चुंबकीय तपासणी इथे चालत नाही. आकड्यांचं वळण आणि आजूबाजूच्या ओतकामाचा खरखरीतपणा अनुभवी डोळ्याला आधीच खटकतो. गुळगुळीत पट्टीवर नीटस आकडे दिसले तर मी पुढचं बोलणं थांबवेन.

आता कारखान्याच्या कागदाची मर्यादा. तो तपासणीच्या दिवशी गाडी कशी होती ते सांगतो. मधल्या चाळीस वर्षांत ती कोणाकडे होती, कधी ठोकली गेली, चोरीला गेली का, हे त्याचं मुख्य काम नाही. दुसरं, मूळ ब्लॉक फुटला किंवा हरवला असेल तर कारखाना जुन्या आराखड्यांवरून नवा ब्लॉक ओतून देऊ शकतो. चालवण्यासाठी ही उत्तम सोय आहे. तरीही १९६२ मध्ये मारानेल्लोतून बाहेर पडलेला ब्लॉक तो नव्हे, आणि किमतीत तो फरक धरलाच पाहिजे. त्यामुळे ‘रेड बुक आहे’ एवढं ऐकून समाधान मानू नका. आत इंजिनाबद्दल नेमकं काय लिहिलं आहे ते ओळ न् ओळ वाचा.

लॅम्बोर्गिनीचा ‘पोलो स्तोरिको’ हा विभाग २०१५ पासून हेच काम कंपनीच्या गावी, सांताआगाता बोलोन्येझमध्ये, करतो. फरक असा, की लॅम्बोर्गिनीच्या मिउरा या मॉडेलच्या इंजिनाचा नंबर आणि चासीचा नंबर मुळातच वेगळे असतात. तिथे जुळणी करायची ती कारखान्याच्या उत्पादन नोंदीशी, त्यामुळे दोन नंबर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. कंपनी १९७८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नंतर मालक बदलत गेले, म्हणून जुने कागद सांभाळणं हेही या विभागाचं मोठं काम आहे. २०१९ मध्ये त्यांनी चासी ३५८६ ची मिउरा प्रमाणित केली. ‘द इटालियन जॉब’ या १९६९ च्या चित्रपटात सुरुवातीला डोंगरी रस्त्यावर धावते ती हीच गाडी. नंतर दरीत कोसळते ती दुसरी, आधीच अपघातात मोडलेली. ओळख पटवताना कागदांबरोबर लॅम्बोर्गिनीचे तेव्हाचे कर्मचारी एन्झो मोरुझ्झी यांची साक्षही घेतली गेली. १९६८ मध्ये ही गाडी चित्रीकरणाच्या ठिकाणी त्यांनीच नेली होती. कारखान्यालाही शेवटी माणसाच्या आठवणीचा आधार लागला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आल्फा रोमिओकडे दोन वेगळे कागद मिळतात आणि घोळ इथेच होतो. एक, संग्रहातल्या नोंदीवरून दिलेला मूळ माहितीचा दाखला. दुसरा, गाडी प्रत्यक्ष तपासून दिलेलं अस्सलतेचं प्रमाणपत्र. पहिला कागद देताना गाडी कोणी पाहिलेली नसते. १९६५ च्या जिउलिया स्प्रिंट जीटीए साठी हा फरक निर्णायक आहे, कारण साध्या स्प्रिंट जीटीची जीटीए बनवलेली उदाहरणं भरपूर आहेत. खऱ्या जीटीएचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आतला सांगाडा स्टीलचा, आणि १५७० सीसी इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. दारावर चुंबक चिकटला तर तिथेच उत्तर मिळालं. चिकटला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पत्रे बदलता येतात.

मासेरातीने असं प्रमाणपत्र २०२१ मध्ये सुरू केलं. तत्त्व तेच.

आता इतिहासकार. फेरारीच्या बाबतीत स्वित्झर्लंडचे मार्सेल मासिनी यांचं नाव लिलावाच्या कॅटलॉगमध्ये नेहमी दिसतं. अशा अहवालात मालकांची साखळी, शर्यती, अपघात, रंगबदल, इंजिन कधी काढलं आणि कुठे गेलं, हे सगळं तारखेनुसार येतं. त्यामागे जुनी छायाचित्रं, पत्रव्यवहार, वर्कशॉपची बिलं असतात. हे इतकं का लागतं ते १९५४ च्या फेरारी ३७५ प्लस, चासी ०३८४ एएम, हिच्यावरून कळतं. ही गाडी अमेरिकेत ओहायोमधून चोरीला गेली आणि पुढे बेल्जियममध्ये पोहोचली. २०१४ मध्ये गुडवुडच्या लिलावात ती एक कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली, आणि त्यानंतरही मालकीवरून लंडनमध्ये दावे चालले. गाडी अस्सल होती याबद्दल वाद नव्हता. वाद ती कोणाची, हा होता. इंजिनावरचा कोणताही नंबर या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही.

मूळ भाग गाडीपासून वेगळे पडतात तेव्हाही असंच होतं. एका १९६२ च्या फेरारी २५० जीटीओचा सौदा २०१७ मध्ये ४ कोटी ४० लाख डॉलरला झाला. तिचा मूळ गिअरबॉक्स दुसऱ्याच कोणाकडे होता. तो सोडवून आणण्याचे २५ हजार डॉलर कोणी द्यायचे, यावरून प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं.

सरकारी नोंदवही हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा मार्ग. इटलीत १९२७ पासून ‘पुब्लिको रेजिस्त्रो आउतोमोबिलिस्तिको’ आहे. तिथून मालकांचा कालक्रमानुसार उतारा मिळतो. पण गाडी परदेशी गेली की उतारा तिथेच संपतो, आणि ६० च्या दशकातल्या कितीतरी गाड्या लवकरच अमेरिकेत गेल्या. म्हणून हा उतारा इतिहासकाराच्या अहवालाशी ताडून पाहायचा; एकट्याने तो पुरत नाही.

समजा तुमच्यासमोर दोन गाड्या आहेत. एकीचे सगळे नंबर जुळतात, प्रमाणपत्र आहे, पण मधल्या पंधरा वर्षांचा पत्ता नाही. दुसरीत त्याच प्रकारचं पण दुसऱ्या गाडीचं इंजिन आहे, आणि पहिल्या मालकापासून आजपर्यंतची साखळी अखंड आहे. मी दुसरी घेईन, अर्थात इंजिनाचा फरक किमतीतून वळता करून. तिच्यातलं उणं मला माहीत आहे. पहिलीतलं उणं अजून बाहेर यायचं आहे. शर्यतीच्या गाडीला वेगळा न्याय लावावा लागतो. संघ हंगामातच इंजिनं बदलत असत, त्यामुळे त्या काळी कारखान्यानेच बसवलेलं दुसरं इंजिन हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे. मात्र ते कागदावर दिसलं पाहिजे.

गाडी भारतात आणून नोंदवायची असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्या आरसी बुकात चासी आणि इंजिन दोन्ही नंबर येतात. २०२१ च्या नियमानुसार विंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळण्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली असावी लागते. बदललेल्या इंजिनाची गाडी परदेशात पसंत केली तरी आरटीओसमोर काय दाखवणार, हे आधीच ठरवा.

करारात चासी नंबर, इंजिन नंबर, अंतर्गत नंबर आणि गिअरबॉक्सचा नंबर स्वतंत्रपणे लिहून घ्या. गाडीबाहेर असलेला एखादा मूळ भाग सौद्यात असेल तर तो कोण, कुठून, किती तारखेपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने आणून देणार, हेही त्याच कागदावर असू द्या.